राजा दारातच थांबला

"बुवा, माझं आजचं शेवटचं कीर्तन. कॅन्सरची रोजची गोळी सुरू झाल्यापासून पोट थाऱ्यावर नसतं. ताकभातावर आहे, डॉक्टरांनी जुलाबावर औषधही दिलंय, तरी मधेच उठावं लागतं. भरल्या कीर्तनातून उठणं बरं नाही दिसत," कुमुदताई म्हणाल्या.

"आज बसा तर खरं," चिपळ्या पुसत बुवा म्हणाले.

नेहमीची पुढली जागा सोडून ताईंनी दाराशी आसन टाकलं. आख्यान रंगलं. दारी आलेल्या भिकाऱ्याला राजा आता ओळखणार, एवढ्यात पोटात कळ आली. त्या मुकाट उठल्या. मागे बुवांनी गोष्ट थांबवून नामाचा गजर धरला आणि सगळं देऊळ टाळ्या वाजवू लागलं.

ताई परतल्या तरी गजर चालूच होता. त्या आसनावर टेकल्या तसा बुवांनी तो थांबवला. राजा अजून दारातच उभा होता. योगायोग असेल, असं त्यांना वाटलं. पण थोड्या वेळाने पुन्हा उठावं लागलं आणि पुन्हा गजर सुरू झाला. या खेपेला त्या येऊन बसल्यावर बुवांनी त्यांच्याकडे बघून किंचित मान हलवली, मगच राजा पुढे बोलला.

आरतीनंतर नणंद कुरकुरली, "आज बुवांना झालं होतं काय? भिकाऱ्याला ओळखायला राजाने तास घेतला."

"म्हातारा राजा तो, वन्सं. डोळे अधू असतील."

ताईंनी आसनाची घडी केली. घरी मात्र नेली नाही. पुढच्या गुरुवारसाठी दाराशीच ठेवली.