हिरवं बटण

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत बसणाऱ्या काकूंच्या वेगाला तोड नव्हती. कॉम्प्युटरमधला जुना प्रोग्राम त्यांच्या बोटांना पाठ होता. पेशंट नाव, वय, तक्रार सांगायचा आणि अर्ध्या मिनिटात केसपेपर छापून बाहेर यायचा.

आता इंटरनेटवर चालणारा नवा प्रोग्राम यायचा होता. दोन्हींत वापरायला सोपा कुठला, हे पाहायला कंपनीची मुलगी आली. जुन्यावर काकूंना सव्वीस सेकंद लागले. मग तिने नवा उघडून दिला.

"काकू, ते हिरवं बटण दाबा."

काकूंनी सवयीने एंटर दाबलं. काहीच झालं नाही.

"एंटर नाही चालत यात, माउस घ्या. अहो, समोरच तर आहे, एवढं मोठं!"

काकू माउस टेबलभर फिरवत राहिल्या. बाहेरची रांग कुरकुरायला लागली. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "माझा हात नेऊन ठेव ना तिथे."

मुलगी हसायला गेली आणि तिचं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. "कधीपासून, काकू?"

"चार वर्षं झाली. जुन्यात काही जागचं हलत नव्हतं गं, निभून गेलं. नोकरीची दोनच वर्षं राहिलीत माझी. कुठे बोलू नकोस."

मुलगी बोलली नाही. 'जुनाच प्रोग्राम सोपा आहे, तोच ठेवावा,' एवढं तिने अहवालात लिहिलं. दवाखान्याच्या साहेबांनी तो न वाचताच फाईलला लावला.

सोमवारी जुना प्रोग्राम बंद झाला आणि त्या दिवशी काकू आंधळ्या झाल्या.