चढावरचा हीटर

येसेनियाचं लग्न बाबांनी कधी मानलं नव्हतं. त्यामुळे फिनिक्सपासून दोघं गाडीच्या बंद काचांआड, एसीच्या गारव्यात गप्प बसून होती; गाडी ती चालवत होती. फ्लॅगस्टाफकडे जाणारा डोंगरातला लांबलचक चढ लागला आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे सरकला.

"एसी बंद कर, हीटर लाव," बाबा म्हणाले. "इंजिनाची आग आपण आत ओढून घ्यायची."

"अहो बाबा, भाजून निघू!"

"निघू. काचा उघड."

घामानं निथळत, वाऱ्यात दोघं ओरडून बोलू लागली. आधी रस्त्याबद्दल. मग बाबा ओरडले, "जावई बरे आहेत ना?"

तिला नीट ऐकू आलं होतं. तरी ती ओरडली, "कोण?"

"जावई गं! आमचे जावई!"

चढ संपला, काटा खाली आला. दोघांनीही तो पाहिला. हीटर कुणीच बंद केला नाही.