पाटीमागचं स्वस्तिक

दारावरची नावाची पाटी पुन्हा धाडकन पडली. गाव सोडून कायमच्या आमच्याकडे आलेल्या सासूबाईंचं नाव आम्ही तिच्यावर नवीनच घातलं होतं.

“घरालाच मी नको आहे गं,” म्हणत त्या बॅग भरायला लागल्या.

मी चक्रावले. दार पॉलिश पेपरने घासून खरखरीत केलं होतं, स्पिरिटने पुसलं होतं, गोंदही भारीतला. मग चुकतंय कुठे? पाटी उलटी केली, तर मागे लाल, तेलकट स्वस्तिक काढलेलं.

“तू दाराला गोंद लावत असतेस ना, तेव्हा पाटीच्या मागे काढते. तेलात कुंकू कालवून. शुभ असतं.”

“अहो आई, तेलावर गोंद धरतो होय!”

स्पिरिट घेतलं खरं, पण पुसायला माझा हात धजेना. बाटली त्यांनीच ओढून घेतली.

“आण इकडे. आधी माझं नाव चिकटू दे. स्वस्तिक मग वरून काढते.”