निखळलेला खांदा

जग म्हणजे कुठल्यातरी यंत्रात चाललेला खेळ आहे, हे सिद्ध होऊन नऊच दिवस झाले होते आणि गावात चौदा खून पडले होते. फिजिक्सचे प्राध्यापक इंद्रजित पाटणकर कोयता घेऊन तालमीत घुसले. "कुणीच खरं नाही!" असं ओरडत त्यांनी कुस्ती शिकवणाऱ्या आणि गावाची हाडं बसवणाऱ्या खंडू वस्तादांच्या डाव्या दंडावर वार केला. वस्तादांनी उजव्या हाताने त्यांचं मनगट धरून त्यांना मातीत आपटलं. प्राध्यापकांचा खांदा निखळला. ते किंचाळले.

वस्तादांनी रक्ताळलेल्या दंडावर पंचा आवळला आणि प्राध्यापकांच्या काखेत टाच रोवली.

"मारताय?"

"बसवतोय. दम धरा, मास्तर."

"खांदासुद्धा खोटाच आहे हो!"

"आसंल. पर निखळलाय न्हवं?"

त्यांनी हात ओढला. खट्‌कन खांदा बसला.

दाराबाहेर हातपाय मोडलेल्यांची रांग लागली होती. पुढच्या पोरीचं कोपर लोंबत होतं.

"माझा एक हात तुमी निकामी केलासा," वस्ताद म्हणाले. "पोरीला धरायला कुणीतरी पायजे."

प्राध्यापक धडपडत उठले. बऱ्या हाताने त्यांनी तिला घट्ट धरलं.

"नाव काय तुझं, बाळ?" त्यांनी विचारलं.