पक्के आकडे

डॉ. मुकुंद दामल्यांनी रबरी हातोडी नीलाच्या गुडघ्यावर हलकेच मारली. पाय उडाला.

“एक,” सात वर्षांची नीला म्हणाली.

डॉक्टर खूश झाले. त्यांना खूश व्हायला फार काही लागत नसे. समोर कंपनीतला साहेब बसला की काम भागे. आज नीलाचे वडील शरच्चंद्रराव स्वतः बसले होते, पर्सोनेल खात्याचे मोठे साहेब आणि डॉक्टरांचे पत्त्यांतले भिडू. चिंचवडच्या त्या कंपनी दवाखान्यात पेशंटच्या बापाला कधी चहा मिळत नसे. यांना बिस्किटांसकट मिळाला होता.

दाराशी नीलाच्या वर्गशिक्षिका मृदुलाबाई उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. नीला वर्गात बाकाला पाठ टेकत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. आज डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पोरीला घरी जाऊ द्यायचं नाही, असा हट्ट धरून त्याच तिला इथे घेऊन आल्या होत्या.

“डॉक्टर, एकदा तिची पाठ बघा,” त्या पुन्हा म्हणाल्या.

“अहो बाई, झोपाळ्यावरून पडलीय ती. शरच्चंद्ररावांनी सांगितलं ना आत्ताच?”

कुठे लागलं, कसं लागलं, हे सगळं डॉक्टरांनी वडिलांनाच विचारलं होतं. मुलीला एका शब्दाने नाही. चांगल्या घरातली माणसं खोटं बोलत नाहीत, असा त्यांचा वैद्यकीय अनुभव होता. मागच्याच आठवड्यात दापोडीच्या एका कामगाराचं पोर पाठीवर वळ घेऊन आलं, तेव्हा मात्र बापाला तोंडही उघडू न देता त्यांनी पोलीस बोलावला होता. त्या बापाच्या गळ्यात टाय नव्हता, एवढंच.

हातोडी दुसऱ्या गुडघ्यावर पडली.

“दोन.”

मग कोपरावर.

“तीन.”

“वा! फार हुशार आहे हो मुलगी!”

“आकडे पक्के करून घेतलेत मी तिचे,” शरच्चंद्रराव बिस्कीट चहात बुडवत म्हणाले. “मध्येच चुकली, की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे शिस्त म्हणजे शिस्त.”

“ऐकलंत बाई? संस्कार म्हणतात ते हे! आणि तुम्ही भलतेसलते संशय घेताय.”

मृदुलाबाईंना इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. पण पाठ उघडून दाखवायला सांगणाऱ्या त्या कोण?

डॉक्टरांनी हातोडी खणात टाकली. “ठणठणीत आहे पोरगी. खुशाल घरी घेऊन जा.”

शरच्चंद्रराव उठले. नीला मात्र टेबलावरून उतरली नाही. तिने वडिलांकडे पाहिलं आणि उद्याचा गृहपाठ विचारावा तसं विचारलं,

“बाबा, डॉक्टरकाकांचे तीन आजच्यात धरायचे, की घरी गेल्यावर पुन्हा एकपासून मोजायचे?”