नाल्याच्या पुलावरची जागा

"खरं सांग शरयू, अख्खी गाडी एका फोटोत कुठून येते गं?" शेजारच्या मालिनीबाईंनी विचारलं. गावच्या रेल्वेमार्गावर विजेच्या तारा आल्या होत्या. जुनं डिझेल इंजिन उद्या शेवटची गाडी ओढणार होतं. गाड्यांचे फोटो काढायचं वेड दोघींनाही, आणि हा फोटो दोघींनाही हवा होता.

"नाल्याच्या पुलावर जा," शरयूताई सरळ चेहऱ्याने म्हणाल्या. लहानपणी त्यांनी त्या पुलावर तासन्‌तास काढले होते. तिथून बाभळींखेरीज काही दिसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी "भजनाला जाते" म्हणून त्यांनी पाण्याची जुनी टाकी गाठली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलाने त्यांना साध्या स्टुलावरही चढायला बंदी केली होती. शरयूताईंनी पदर खोचला आणि त्या शिडी चढल्या. फोटो मिळाला, पण इंजिन मुंगीएवढं.

संध्याकाळी मालिनीबाईंनी आपला फोटो आधी शरयूताईंच्या मुलालाच दाखवला. तारांसाठी बाभळी केव्हाच तोडल्या होत्या. वळणावर झुकलेलं इंजिन, त्यामागे अख्खी गाडी, आणि वर टाकीच्या शिडीवर पदर खोचलेली आई.

"आई, भजन टाकीवर होतं?" मुलाचा आवाज चढला.

शरयूताईंनी चष्मा लावला, फोटो डोळे भरून पाहिला आणि त्या मालिनीबाईंवर फणकारल्या, "एवढी झकास जागा, आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"