दाराबाहेरचे जोड

धूळ नको म्हणून मुरबाडच्या त्या कॉम्प्युटर क्लासात सगळे चपला दाराबाहेरच काढत. आज दुपारी आत एकटे मनोजसर होते.

उद्या परीक्षा, आणि परीक्षेच्या सॉफ्टवेअरचं अपडेट काही केल्या बसत नव्हतं. तीनदा सीडी घातली, तीनदा स्क्रीनवर तेच आलं : ‘या कॉम्प्युटरवर दुसरं कोणी काम करत आहे. आधी त्यांना बाहेर पडायला सांगा.’

सरांनी नेटवर्कची वायरच उपटली. तरी तेच.

झाडलोट करणारी बाईजा दारातून म्हणाली, “सर, आत कोन हाय? भायेर दोन जोड हायत.”

“कोन नाय गो.” सर वैतागून शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, “ऊठ रे बाबा, नीघ आता.”

अपडेट सरसर पुढे सरकलं.

सर बाहेर आले. दाराशी एकच जोड उरला होता, आणि तो त्यांचा नव्हता.

बाईजा त्यांच्याकडे बघतच राहिली. “सर तर आताच गेले. तुमी कोन?”